रेघ सरळ, फाईल तिरकी

माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला आणि कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाला १२० दिवसांत सतरा बाबी जाहीर करणं भाग पडलं. पहिलीच बाब आपल्या रचनेचा तपशील. उरलेल्या सोळांचं काय झालं ते जाऊ द्या, पण रचनेचा तक्ता जिन्यापाशी लागला. तेवढं काम पेंटरला सांगून होण्यासारखं होतं.

सगळ्यात वर जिल्हाधिकारी. खाली प्रांत, मग तहसीलदार, नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, तळाशी तलाठी. रेघा अशा सरळ की बघणाऱ्याला वाटावं, अर्ज तळातून सोडला की थेट वर पोचणार. घोळ आहे तो चौकटींच्या आत. काहींत नुसतं 'रिक्त'. काहींत शेजारच्याच चौकटीतलं नाव, पुढे 'अतिरिक्त कार्यभार'. म्हणजे नायब तहसीलदार म्हणून साहेब प्रस्ताव सादर करतात, तहसीलदार म्हणून त्यात त्रुटी काढतात आणि पुन्हा नायब होऊन खुलासा देतात. (हे सगळं आवक-जावक नोंदवहीतून रीतसर जातं. टेबल एकच आहे म्हणून शिस्त मोडायची नसते.)

साहेबांचा ड्रायव्हर मात्र तक्त्यात कुठेच नाही. साहेब आज येणार की नाही, आले तर कुठल्या मूडमध्ये, हे सांगू शकणारा अख्ख्या तालुक्यात तो एकटा. जाणकार माणूस तक्ता वाचत बसत नाही, आधी गाडी बघतो.

असा तक्ता पहिल्यांदा निघाला तो १८५५ मध्ये, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेत. सुपरिंटेंडंट डॅनियल मॅककॅलम यांनी तो झाडासारखा काढून घेतला. संचालक मंडळ मुळाशी आणि विभाग, गाड्या, माणसं वर फांद्यांवर. रोजचे निर्णय विभागातल्या अधिकाऱ्यानेच घ्यायचे, कारण रुळावर काय बिघडलंय ते त्यालाच आधी कळणार. आपल्याकडे तो तक्ता उलटा टांगला गेला हे बरंच झालं. नाहीतर प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी कोण आहे, ते चौकशी समिती न नेमताच दिसलं असतं.

तक्त्यावरची नावं टिकत नाहीत, ही पेंटरची तक्रार नाही. त्याचं पोट त्यावर चालतं. बदल्यांचा कायदाही २००५ चाच. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. याच कायद्यात पुढे असंही आहे की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दोन्ही मुदती एकाच कायद्यात घातल्यावर वाचताना थोडी गल्लत व्हायचीच. तीन वर्षांची मुदत फाईल पाळते, सात दिवसांची साहेब.