दसऱ्याचा हार आणि अडलेला गिअर

पावसाळाभर पार्किंगमध्ये समाधी लावून बसलेल्या आमच्या गाडीने दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेतला. गिअर मात्र पडू दिला नाही. इंजिन चालू केलं की दांडा अडून बसायचा, बंद केलं की सुतासारखा सरळ. लगेच तज्ज्ञ जमले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गिअरबॉक्सच उतरवायला सांगितला. (त्यांची स्वतःची स्कूटर गेली दोन वर्षं स्टँडवर आहे.) वॉचमन तेवढा हळूच म्हणाला, “साहेब, क्लच प्लेट चिकटली असेल.” दमट हवेत गंजून ती खरंच फ्लायव्हीलला चिकटली होती. मेकॅनिकने गाडी मोकळ्यावर नेली, गिअरमध्येच, क्लच दाबून स्टार्टर मारला. दोन-चार हिसक्यांत प्लेट सुटली. वॉचमनला चहा पाजला. काका अजून गिअरबॉक्सच म्हणतायत.