पत्रिकेवरचे मीमांसक

मराठीत अर्थ लावतात, काढतात, घेतात आणि मन भरलं नाही तर त्याचा अनर्थही करतात. एवढ्या सगळ्याला इंग्रजीत 'इंटरप्रिट' म्हणून जो मोकळा झाला, त्यानं आमच्या रहिमतपुरातली लग्नपत्रिका पाहिलेली नसावी.

अर्थ लावतात ते संस्कृतचे मास्तर. कर्ता इकडे, क्रियापद तिकडे, झाला अन्वय. अर्थ काढतात ते भावकीतले. मजकुरात नसला तरी विहिरीतल्या गाळासारखा उपसून काढतात. आणि अर्थ घेतात त्या आत्या. एकदा घेतला की परत देत नाहीत.

परवा घरच्या लग्नाची पत्रिका छापून आली. 'आपले नम्र'च्या खाली थोरल्या आत्यांच्या यजमानांचं नाव धाकट्या आत्यांच्या यजमानांच्या खाली गेलं होतं. नाव लांबलचक, वरच्या ओळीत मावेना, म्हणून छापखान्यानं ते खाली ढकललेलं. संध्याकाळी आत्यांचा फोन आला.

"आमचं काय न्हाई बाबा. पर लोकं इचारत्यात."

या 'लोकं'मध्ये आत्या सोडून कुणी नसतं, हे सांगायला भाष्यकार लागत नाही. छापखान्याची अडचण मी समजावून सांगितली. "आसंल की," आत्या म्हणाल्या. या 'आसंल की'चा अर्थ 'नाही' असा होतो.

आमच्याच जिल्ह्यात, वाईला, केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला. मीमांसा म्हणजे वेदवाक्याचा अर्थ कसा ठरवायचा, याचं शास्त्र. त्यात प्रमाणांची उतरंड लावलेली आहे: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. आधीचं बलवान, नंतरचं दुबळं. म्हणजे सरळ सांगितलेला शब्द पहिला, जागा पाचवी आणि नाव सगळ्यांत शेवटी. आमच्या भावकीनं ही उतरंड उलटी करून ठेवली आहे. आधी नाव बघायचं, मग ते कितव्या जागी आहे ते, आणि मुहूर्त? तो लग्नाच्या दिवशी शेजाऱ्याला विचारायचा.

नाटककार वसंत कानेटकर रहिमतपुरातच जन्मले. बोललेलं एक आणि समजलेलं दुसरं, यावर निम्मं नाटक उभं राहतं. तेव्हा गाव त्यांनी बरं निवडलं म्हणायचं. अर्थ उलगडून सांगणं म्हणजे टीका, पण खुद्द त्या शब्दालाही आपण सोडलेलं नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, असं शाळेत शिकलो. आज गावात 'त्यांनी माझ्यावर टीका केली' म्हटलं, तर चार माणसं मिटवायला धावतील.

शेवटी पत्रिका पुन्हा छापली. थोरले वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या आत्यांचा फोन आला. त्यांचंही काही नव्हतंच.

तुम्ही मात्र लग्नाला या. पत्रिकेत 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असं स्पष्ट छापलंय. पाकीट खिशात असू द्या.