इंग्रजी वाक्य उलटे करण्याची सोपी रीत

इंग्रजी वाक्य सरळ लिहिणे कोणालाही जमते. चारचौघांत वजन पडते ते उलट्या वाक्याने. इच्छुकांनी पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

एक. कर्त्याला पुढच्या जागेवरून उठवून तिथे स्थळाला बसवावे. 'टू चेअर्स स्टँड इन द कॉर्नर'चे 'इन द कॉर्नर स्टँड टू चेअर्स' होते. आता बोलणे कोपऱ्याविषयी चालले आहे. पण कोपरा एकच आहे म्हणून नवशिका 'स्टँड्स' लिहितो आणि तिथेच फसतो. सभेचा अध्यक्ष कोणीही असो, चेकवर सही खजिनदाराचीच लागते. क्रियापदही मागे जाऊन बसलेल्या खुर्च्यांचेच ऐकते.

दोन. मागे धाडायचा कर्ता पुढे आणलेल्या भागापेक्षा जास्त ओळखीचा नसावा. भाषाशास्त्रज्ञ बेटी बर्नर यांनी १९९६च्या पुस्तकात हेच मांडले: अशा वाक्यात पुढची माहिती मागच्या माहितीपेक्षा नवी असून चालत नाही. त्यामुळे 'हिअर कम्स द बस' खपते, पण आधीच ओळखीचे झालेले सर्वनाम मागे बसत नाही. 'हिअर इट कम्स' म्हणावे. 'हिअर कम्स इट' जुळवत बसणाऱ्याची बस निघून जाते.

तीन. सकर्मक क्रियापदाच्या वाटेला जाऊ नये. 'इन द किचन कुक्स मदर राइस' या वाक्यात ना आईला जागा मिळते, ना भाताला.

चार. सुरुवात नकाराने केली तर कायदा बदलतो. 'नेव्हर हॅव आय सीन' यात फक्त साहाय्यक क्रियापद उडी मारते. मुख्य क्रियापद जागचे हलत नाही, आणि सर्वनामालाही मज्जाव नसतो. साहाय्यक हाताशी नसेल तर काळ पाहून 'डू', 'डझ' किंवा 'डिड' बोलावून घ्यावे. जुन्या इंग्रजीत क्रियापद बरेचदा दुसऱ्या जागी येई, जर्मनमध्ये अजूनही येते. त्या वहिवाटीचा हा उरलेला तुकडा.

पाच. 'देअर'पासून सावध! 'देअर आर टू चेअर्स, आरन्ट देअर?' यात शेपटीच्या प्रश्नात कर्ता म्हणून मिरवतो 'देअर', आणि 'आर' मात्र खुर्च्यांमुळे आलेले असते. कर्ता नेमका कोण, यावर व्याकरणकारांनी खुशाल भांडावे.

शेवटी मात्रेविषयी. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाला उलट्या वाक्यांचा एवढा नाद होता, की १९३६ साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये वोलकॉट गिब्ज यांनी 'टाइम'चे सहसंस्थापक हेन्री ल्यूस यांचे व्यक्तिचित्र त्याच शैलीत लिहून तिची यथेच्छ टर उडवली. तेव्हा एका परिच्छेदात एकच उलटे वाक्य पुरे. रजेच्या अर्जात तर तेही नको. 'इल ॲम आय' लिहून दोन नंबरची सूचना मोडली, तर साहेब ताप किती आहे ते न विचारता इंग्रजी कुठे शिकलात ते विचारतील.