मुलुंडचे पॅकेजवाले

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. कुठेही उतरा, दर मोठ्या सोसायटीत एक तरी पॅकेजवाले निघतातच. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी सीप्झला किंवा ऐरोलीला, पाठीवर कंपनीची सॅक. रविवारी सकाळी शेजारीपाजारी मासळीला निघतात, तेव्हा हे ‘ओपन सोर्स’ करत बसतात.

आमच्या मुलुंडच्या पॅकेजवाल्यांनी सोसायटीच्या बिलांचं पायथन पॅकेज लिहिलंय. सिंकिंग फंड वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का, भाडेकरू ठेवला तर सेवाशुल्काच्या फार तर १० टक्के, थकबाकीवर सरळव्याज २१ टक्क्यांच्या आत. सगळे उपविधी चोख बसवलेत. अडलंय एवढंच, की ते ठेवायचं कुठे?

कोड ठेवायच्या गिटहबचं नाव काढलं की म्हणतात, “२०१८ साली मायक्रोसॉफ्टने घेतलं ना ते!” जणू शेजारचा प्लॉट बिल्डरने घेतला. मग कोडबर्ग? “बर्लिनची ना-नफा संस्था चालवते, तत्त्वाला पटतं. पण आपल्या बिल्डिंगमध्ये कोणाला ठाऊक आहे?” गिटहब तरी कोणाला ठाऊक आहे, हे त्यांना विचारायचं नसतं.

पायथन पॅकेजांच्या पायपीआय या भांडारावर एकदा चढवलेली फाइल काढून टाकली, तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. हे वाचल्यापासून त्यांचा हात जो थबकलाय, तो आवृत्ती ०.९ वरच. मध्यंतरी ‘आर’ भाषेच्या क्रॅन या भांडाराची प्रतिष्ठा मनात भरली आणि सगळं ‘आर’मध्ये नव्याने लिहायला घेतलं. मग २०१६ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ सापडलं. तिथे संशोधनाला उपयोगी सॉफ्टवेअर लागतं. तेव्हापासून ‘बी’ विंगची थकबाकी हा संशोधनाचा विषय होऊ शकेल का, याचा विचार चालू आहे.

विद्याविहारच्या मंडळींचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर गिटहबवरूनच देशोदेशी गेलं, हेही सांगून पाहिलं. “ते मोठं आहे हो. लहान पॅकेजला जपावं लागतं.”

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी गाठलं.

“साहेब, तुमचं ते बिलांचं कधी मिळणार?”

“आधी लायसन्स ठरू द्या. एमआयटी की जीपीएल?”

“कुठलंही लावा, पण पार्किंगचे पैसे बरोबर लावा!”

बिलं अजून एक्सेलमध्येच निघतात, आणि पार्किंगचे पैसे दर महिन्याला चुकतात.

खरं तर गूगल कोडसारखं भलंमोठं ठिकाणही २०१६ मध्ये बंद झालं. कायमची जागा कोणतीच नाही. पण गिटच्या पूर्ण प्रतीत सारा इतिहास असतो, तो उचलून दुसरीकडे नेता येतो. तेव्हा पॅकेजवाले, कुठेही टाका. लायसन्सची फाइल जोडा, रीडमी मराठीत लिहा आणि पहिली लिंक सेक्रेटरींना पाठवा. तुमच्या पॅकेजची वाट पाहणारा या घडीला जगात तो एकच माणूस आहे.