बांगडीतली पिन

आमच्या बोअरच्या मोटरचं परदेशात कोणीतरी होतं, हे मला ते गेल्यावर कळलं.

एका सकाळी मोटरच्या स्विचच्या कंपनीचा ईमेल आला. सेवा कायमची बंद करत आहोत, आमच्यासोबतच्या प्रवासाबद्दल आभार. प्रवास? वाय-फायवाला तो स्विच चार वर्षं सोयगावातल्या आमच्या मोरीबाहेरच्या भिंतीवरून इंचभर हलला नव्हता. प्रवास करायचा तो हुकूम. मी ओसरीवर बसून मोबाइलवर बोट टेकवलं, की हुकूम कुठल्याशा परमुलखातल्या सर्व्हरकडे जायचा, मंजूर होऊन परत यायचा, आणि माझ्यापासून बारा पावलांवर रिले 'टक्' करायचा. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी मंत्रालय गाठावं, तसं.

आता अ‍ॅपमध्ये नुसतं चक्र गरगरत होतं.

"त्याला बटण हाये की," आई म्हणाली. "मी तं पहिल्यापासून तेच दाबते."

म्हणजे चार वर्षं मी ज्याला ऑटोमेशन समजत होतो, ती बरीचशी आईच होती! अडचण पाण्याची नव्हतीच, इज्जतीची होती. शेंदुर्णीच्या मेहुण्यापुढे मी त्या नऊशे रुपयांच्या स्विचवर तासभर बोललो होतो.

अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. तिथला पद्मपाणी पंधराशे वर्षं कमळ धरून उभा आहे, त्याला कुणी 'अपडेट करा' म्हटलं नाही. माझ्या स्विचनं चार वर्षांत मान टाकली. अर्थात हे दुःख एकट्या सोयगावचं नाही. फ्रान्समध्ये २००५ साली नाबाझताग नावाचा इंटरनेटवर चालणारा प्लास्टिकचा ससा निघाला होता. कान हलवायचा, हवामान सांगायचा. २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि घरोघरचे ससे मुके झाले. हट्टी मालकांनी स्वतःचे सर्व्हर उभारून त्यांना पुन्हा बोलतं केलं. सशाचं होतं, तर मोटरचं का नाही?

स्विच भिंतीतून काढला. विजेपासून पार तोडला, कारण आत २३० व्होल्ट खेळतात आणि आईचा इशारा स्पष्ट होता: "सर्व्हरमागं तूबी बंद पडशील." आत नखाएवढी ईएसपी ८२६६ चिप. म्हणजे त्याला स्वतःचं डोकं होतं, फक्त विचारल्याशिवाय वापरायची मुभा नव्हती. घरजावयासारखं. त्या डोक्यातला कंपनीचा प्रोग्रॅम पुसायचा आणि टास्मोटा भरायचा. नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि घरच्या वाय-फायवरच काम करतो. वेळ तेवढी बाहेर विचारतो, पण ती आपणही रस्त्यात कुणालाही विचारतो.

स्टँडजवळच्या मिस्त्रीनं चार बारीक वायरींना डाग दिला. "याला काय झालं? रिले तं ठणठणीत हाये," म्हणाला. मी सर्व्हरचं सांगू लागलो, तर त्यानं पुढचा मिक्सर उघडला.

घरी वायरी लॅपटॉपला जोडल्या. तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्ट, एक कण जास्त नाही. पण चिप गप्प. तासाभरानं चूक सापडली. चिप आणि लॅपटॉप, दोघांच्या बोलायच्या वायरी मी एकमेकींना जोडल्या होत्या आणि ऐकायच्या एकमेकींना. दोघंही बोलताहेत, ऐकत कुणीच नाही. आमच्या घरी यावर अठ्ठावीस वर्षं संसार चाललाय, चिपचा काही चालेना.

वायरी उलटसुलट केल्या, तर दुसरा नियम आडवा आला. चिप जागी होताना तिचा शून्य नंबरचा पाय ग्राउंडला टेकलेला हवा, तरच ती नवं शिकते. माझे दोन्ही हात गुंतलेले. तिसरा हात आईचा, आणि टेकवायला तिच्या बांगडीतली सेफ्टी पिन.

"काय करू राह्यला रे?"

"टेकव. हलू नको."

नेमकं दारातून शेजारच्या काकूंनी दूध नासल्याचं सांगितलं. आई पिनसकट वळली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा टेकवली तेव्हा पडद्यावर आकडे चढू लागले: वीस, साठ, शंभर.

"सोडू?"

"सोड."

स्विच भिंतीत बसवला, मोबाइलवर साधंसं पान उघडलं, बटण दाबलं. टक्. मोटर घुरघुरली आणि गच्चीवरच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला. मेहुण्याला लगेच फोन लावला. तो शेतात होता, म्हणे आवाज तुटतोय.

रात्री सकाळी सहाचा टायमर लावून झोपलो. सहाला पाच कमी असताना मोरीबाहेर टक् झालं. सहा वाजता टास्मोटानं मोटर चालू करायचा हुकूम दिला असणार, पण ती चालूच होती.

"उठलास का?" आई बाहेरून ओरडली. "माझी पिन कुठं ठेवली?"