राम नसलेल्या फॉन्टास

श्रीयुत जुने मराठी फॉन्टमहाशय यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी अंक, पंचांगं, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळीकडे आपणच मिरवलात. कागदावर आपलं रूप देखणं, त्याबद्दल तक्रार नाही. आमचं बिनसलं ते टर्मिनलच्या काळ्या खिडकीत.

एका जुन्या दिवाळी अंकाचा मजकूर यूनिकोडमध्ये आणायला आयकॉन्व्हला बसवलं. बिचारं सरळमार्गी अवजार. कुठल्या एन्कोडिंगमधून कुठल्या एन्कोडिंगमध्ये जायचं ते सांगा, फाइलीचं नाव द्या, एंटर दाबा. ‘लॅटिन-१ मधून यूटीएफ-८’ म्हणताच त्याने काम उरकलं. एररची ओळ नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं आलबेल. नव्या फाइलीत मात्र मूळ फाइलीतलीच इंग्रजी गिचमीड, आता रीतसर यूटीएफ-८ मध्ये! लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइट वैध. मग ते अडेल कशाला?

अडायला हवं होतं ते आपल्यापाशी. आपण पडलात बहुरूपी. वरून देवनागरीचा पेहराव, आत इंग्रजी अक्षरं. आपल्या एका नामांकित भावंडाकडे ‘र’ म्हणजे इंग्रजी जे, काना म्हणजे के आणि ‘म’ म्हणजे ई. ‘राम’ टाइप केला की फाइलीत जे-के-ई जाऊन बसतं. आपल्या मजकुरात राम नाही, हे आम्ही रागाने म्हणत नाही. बाइट मोजून म्हणतो. ग्रेपला ‘राम’ शोधायला पाठवलं, तर तो हात हलवत परत येतो.

बरं, तक्ता करून अक्षरांची अदलाबदल करावी, तर आपली कलाकारी आडवी येते. आपण अक्षरं दिसतात त्या क्रमाने मांडता, यूनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी आपल्याकडे सगळ्यांच्या आधी, तिला स, हलन्त आणि थ ओलांडून मागे न्यावं लागतं. ‘कीर्ती’चा रफार आपण शब्दाच्या शेवटी टांगता, तो उचलून ‘त’च्या आधी आणायचा. त्यात ‘थ’सुद्धा अखंड नाही, अर्धा थ आणि वर काना! जोडाक्षर कुठे सुरू झालं हे ओळखणारी स्क्रिप्ट लिहावी, तेव्हा कुठे एक ओळ वाचण्याजोगी होते.

तोवर मधेच एखादा खरोखरचा इंग्रजी शब्द येतो. साध्या टेक्स्ट फाइलीत फॉन्टचं नाव उरलेलं नसतं, त्यामुळे खरं इंग्रजी कोणतं आणि सोंगातलं कोणतं हे स्क्रिप्टला कळायची सोय नाही. जाहिरातीतला ‘रेड’ तक्त्यातून ‘तमक’ होऊन बाहेर पडतो. आणि दुसऱ्या भावंडाची फाइल आली की तक्ता पुन्हा नव्याने, कारण घराण्यात एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

‘त्या काळी दुसरं होतं काय?’ ही सबब ऐकून आहोत. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, तिच्यात देवनागरी होती. आपलं भारतीय मानक इस्कीही त्याच सालचं. दोन्ही उच्चाराच्या क्रमाने चालणारी. पडद्यावर ती नीट उमटायला वेळ लागला, हे मान्य. पण विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट ती सोय आली, त्यालाही दोन तपं उलटली. तरी डीटीपीवाल्याकडून आजही आपल्याच पोशाखातली फाइल येते, आणि वर ‘आमच्याकडे तर बरोबर दिसतंय’ असा निरोप! दिसतंच हो. दिसण्यात आपला हात कोण धरणार?

तेव्हा विनंती एवढीच, की आता सन्मानाने निवृत्त व्हावं. सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, मानपत्रही आपल्याच फॉन्टात छापू. फक्त जाताना कुठल्या कोडाला कुठलं अक्षर, हा आपला पूर्ण तक्ता यूटीएफ-८ मध्ये मागे ठेवून जावं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, तक्ता तेवढा असावा.

आपला त्रस्त,
एक टर्मिनलवाला