बाराशे मीटरचं घोडं

खुटबावात आप्पांच्या कांदाचाळीवर एक भावी आमदार गेली सहा वर्षं पालथे पडून आहेत. वाढदिवसाचा फ्लेक्स, वीस बाय दहाचा. वाढदिवस उलटला, पाठोपाठ निवडणूकही उलटली, तेव्हा आप्पांनी कार्यकर्त्यांना रीतसर विचारून तो उतरवून आणला. “तोंड आतल्या अंगाला ठेवलंय,” ते सांगतात. “कांद्यावर ध्यान ऱ्हातं.”

असा एक माणूस दर गावात असतो. जगानं मोडीत काढलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. आप्पांच्या गोठ्याचे खांब म्हणजे रेल्वेनं लिलावात काढलेले लाकडी स्लीपर. पुणे-दौंडच्या किती गाड्या त्यांच्यावरून गेल्या असतील कोण जाणे. आता म्हशी त्यांना अंग घासतात. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बियाणं. ओट्यावर एसटीचं बाकडं, ‘राखीव’ लिहिलेल्या पत्र्यासकट. त्यावर काकींशिवाय कुणी बसत नाही, आप्पासुद्धा नाहीत. भंगार हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. “भंगार काय नसतं रं. दुसरा उपेग सापडंस्तवर वाट बघावी लागती.”

पहिल्या उपयोगाचं त्यांना वावडंच आहे. कोरी करकरीत वस्तू घरात आली की ते तिच्याशी पाहुण्यासारखे वागतात. एकदा मोडली की घरची.

या माणसाच्या दावणीला शर्यतीतून उतरलेलं घोडं यावं, हे ओघानंच आलं. आप्पांचा लसूणघास पुण्याच्या रेसकोर्सवरच्या एका तबेल्यात जायचा. तिथला सायस ओळखीचा झाला. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. तो सरला की घोडी मुंबईला महालक्ष्मीला जातात. जी जात नाहीत त्यांचं काय, असं आप्पांनी एकदा विचारलं आणि तिथंच फसले. कारण घोड्याचा हिशेब असा की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कामाला लागतं, सहाव्या-सातव्या वर्षी बहुतेकांची नोकरी संपते, आणि आयुष्य असतं पंचवीस वर्षांचं. म्हणजे अठरा वर्षं नुसती शिल्लक! आप्पांना रात्रभर झोप आली नाही.

मालकानं घोडं फुकट दिलं, नीट सांभाळायच्या बोलीवर. फुकटची वस्तू लागत नाही म्हणून आप्पांनी गुळाच्या दोन ढेपा ठेवल्या आणि साहेबाला पिकअपमध्ये चढवलं. साहेब हे नाव गावानं दिलं. कागदावरचं इंग्रजी नाव आप्पांना एका दमात म्हणता यायचं नाही.

कागद मात्र जोरदार होते. साहेबाला पासपोर्ट होता. आप्पांच्या घरात पासपोर्ट असलेला तो एकटाच. त्यात आई, बाप, आजा, अंगावरचे भोवरे, सगळं टिपलेलं. या जातीच्या प्रत्येक घोड्याची बापाकडची कुळी तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात नेलेल्या तीन पूर्वेकडच्या वळूंपर्यंत पोचते. “तीन कुळं,” आप्पा पारावर सांगत. “आपल्यात शाण्णव, त्यांच्यात तीनच. सोयरीक जमवताना किती वांधे व्हत असतील!” जन्मतारीख कुठलीही असो, या घोड्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीलाच धरतात, हे सायसानं सांगितल्यावर आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आमचे वडील गावच्या शाळेत गुरुजी होते आणि आप्पांसकट निम्म्या गावाची जन्मतारीख त्यांनीच १ जून लावली आहे.

“त्यांचा गुरुजी जानेवारीवाला दिसतोय,” आप्पा म्हणाले.

उंचीवरून मात्र घरात तंटा झाला. घोडं सोळा हात आहे, असं आप्पांनी सांगितलं. काकींनी लुगड्याच्या मापानं अंदाज घेतला आणि दारात येऊन बघितलं. “सोळा हात? घोडं हाय का लुगडं?” घोडेवाल्यांचा हात चार इंचांचा असतो, म्हणजे खांद्याशी पाच फूट चार इंच, हे त्यांना पटवेपर्यंत साहेबानं ओट्यावरची तुळस अर्धी संपवली होती.

सायसानं एक तंबी दिली होती : आधी दोन महिने काही करू नका. अंगातली शर्यत उतरू द्या. खुराक कमी, गवत जास्त, दिवसभर मोकळं. तबेल्यात धान्यावर वाढलेल्या या घोड्यांच्या पोटात बहुधा व्रण असतात, हे ऐकून आप्पांना जवळच्या नात्याचा भास झाला. “ह्यालाबी आशिडिटी!” पण गावाला हे दोन महिने सोसले नाहीत. येणारा-जाणारा बांधावरून विचारायचा, “काय आप्पा, अजून बसूनच खातंय का?” साहेब उभ्याउभ्या बसून खायचा.

मग शिक्षण सुरू झालं. भाषेचा प्रश्न पहिला. तबेल्यात सगळा कारभार हिंदीतून, तेव्हा आप्पाही घोड्याशी हिंदी बोलू लागले. “रुक ना रे बाबा, कायको पळता हय? इदर कुच लगीनघाई हय क्या?” साहेब कान मागे टाकून ऐकायचा. त्याला ती हिंदी वाटत होती की नाही, सांगता येत नाही.

दुसरी अडचण, तो बसू द्यायला थांबायचाच नाही. शर्यतीच्या घोड्यावर जॉकीला चालता चालता कुणीतरी पायाला हात देऊन वर फेकतं. पन्नास-पंचावन्न किलोचा तो जॉकी, तोकड्या रिकिबीत पाय मुडपून पाखरासारखा वर बसतो. इथं ब्याऐंशी किलोचे आप्पा ओट्यावरून, धोतर सावरत, ‘जय मल्हार’ म्हणून पाय टाकणार. तोवर साहेब पुढे निघून गेलेला असायचा. गुळाचा खडा तोंडाशी धरून त्याला ओट्याजवळ नुसतं उभं राहायला शिकवण्यात आख्खा एक हप्ता गेला. गुळामुळं पुढे एक खोड मात्र लागली. कुठलाही ओटा दिसला की तो थांबून तोंड पुढे करायचा, आणि खुटबावात ओटे पुष्कळ.

तिसरी गोष्ट लगामाची. बैलाचा कासरा ओढला की बैल थांबतो, हे आप्पांचं साठ वर्षांचं ज्ञान. शर्यतीचं घोडं उलट. तोंडावर भार घेऊन धावायचंच त्याला शिकवलेलं असतं. जितकं ओढावं तितकं ते लगामावर रेलतं आणि झेपावतं. आप्पा जिवाच्या आकांतानं ओढायचे आणि साहेबाला वाटायचं, म्हातारा खुशीत आहे. इथंच घोडं पेंड खातं. उपाय असा की लगाम सैल सोडायचा, मागं बसायचं आणि गोल फिरवायचं. लांब दोरावर घोडं गोल फिरवण्याला जुन्या मराठीत कावा म्हणतात. गनिमी काव्यातला तोच असावा, असं मी आप्पांना सांगितलं. त्यानंतर ते रोज सकाळी खळ्यात काव्याला जाऊ लागले.

आणि डावीकडे वळणं? पुण्या-मुंबईचे ट्रॅक उजव्या हाताचे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणारे. साहेबाला उजवं वळण लोण्यासारखं. डावीकडे म्हटलं की मान लाकूड. आप्पांचं घर पडतं पाराच्या डाव्या हाताला. तेव्हा ते तीनदा उजवीकडे वळून, तालमीला आणि दूध डेअरीला पुरता वळसा घालून घरी जायचे. मी अडवून विचारलं तर म्हणाले, “घाई कुनाला हाय?”

घाई साहेबाला होती. रेल्वेच्या फाटकावर ते कळलं.

फाटक बंद. मोटारसायकली नाक पुढे काढून दाटीवाटीनं उभ्या, उसाचे ट्रॅक्टर, दुधाची पिकअप, सगळे इंजिनं गुरगुरवत. मधोमध आप्पा, साहेबावर. दौंडची शटल गेली. घंटा वाजली. दांडा वर निघाला. आता यात शर्यतीच्या सुटीपेक्षा वेगळं काय होतं, तुम्हीच सांगा. दांडा पुरता वर जायच्या आत साहेब पलीकडे होता. जन्मात मागं न राहिलेल्या पोरांच्या मोटारसायकली मागं राहिल्या. आप्पांची टोपी फाटकातच राहिली. लगाम ओढू नये, हे आठवायला त्यांना पाऊण फर्लांग लागला. आठवल्यावर त्यांनी तो सोडून दिला आणि आयाळ धरली. गुऱ्हाळाशी साहेब आपण होऊन सावकाश झाला, फुरफुरला आणि कढईकडे कौतुकानं बघत उभा राहिला.

संध्याकाळी आप्पांनी माझ्या स्कूटरवर बसून ते अंतर मोजलं. काट्यावर एक किलोमीटर दोनशे मीटर भरलं. साहेब बाराशे मीटरचा घोडा होता, पासपोर्टाबरोबरच्या कागदात तसं लिहिलेलं होतं. घोडं स्वतः अंतर मोजतं यावर माझा विश्वास नाही. गुळाचा वास हेच खरं कारण असावं. पण आप्पांनी गुऱ्हाळाशी दगडावर चुन्याची रेघ मारली.

परण्याचा प्रयोग एकदाच झाला. केडगावच्या बाजूचं लग्न. नवरदेव साहेबावरून मारुतीला निघाला. बँड त्यानं सोसला. पहिल्या फटाक्याला मात्र नवरदेव मारुतीच्या पायरीशी हजर, एकटाच, आणि वऱ्हाड धापा टाकत मागून. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथं घोड्यामागून वरात. शिरूरकडच्या बैलगाडावाल्यांनीही चौकशी केली होती. २०२१च्या डिसेंबरात कोर्टानं शर्यतींना वाट मोकळी केल्यापासून गाड्यांपुढे पळणाऱ्या घोड्यांना भाव आला आहे. आप्पांनी चक्क नाही म्हटलं. “जे सोडवायचंय त्येच परत करायला लावायचं व्हय?”

त्यांना एवढं काय पडलं होतं, याचं उत्तर एका रात्री मिळालं. वीस वर्षांपूर्वी उसाला पाणी धरताना आप्पांना घोणस चावली होती. पंधरा बाटल्या औषध चढलं तेव्हा वाचले. ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. विषाचे थोडेथोडे डोस टोचत घोड्याला पक्कं करायचं, मग त्याच्या रक्तातला सीरम घ्यायचा. मुंबईची हाफकिन संस्था हे पिढ्यान्‌पिढ्या करते. आणि आमच्याच लाइनीवर हडपसर आहे, शटलनं पाचवं स्टेशन. पूनावालांच्या स्टडमधली उतरलेली घोडी सीरमसाठी हाफकिनला जायची; हे काम आपणच का करू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे तिनं जगाला लशी दिल्या. आप्पांच्या मते दुसऱ्या उपयोगाचं याहून मोठं उदाहरण भूतलावर नाही. पूनावालांबद्दल ते अगदी बरोबरीच्या नात्यानं बोलतात.

“माज्या अंगात घोड्याचं रगात हाय,” ते म्हणाले. काकी आतून म्हणाल्या, “तरीच लाथा झाडता झोपंत.”

दिवाळीनंतर रानात धनगराची मेंढरं बसली. खतासाठी दरवर्षी बसतात. बरोबर एक तट्टाणी होती. कमरेएवढी उंच, पाठीवर बाजलं, दोन कोकरं, कोंबड्यांचं खुराडं आणि सगळ्यांच्या वर एक शेंबडं पोर. हा सारा मुलूख जुन्या कागदांतला भीमथडी. याच तट्टांवरून मराठे उत्तरेत गेले. राज्यगीतात त्यांचं नाव आहे आणि अलीकडे सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. तट्टाणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. खुराड्यातला कोंबडा तिच्या कानात आरवला तरी ती डोळा उघडत नव्हती.

साहेबानं तिला बघितलं आणि कासावीस झाला. मग हळूहळू मागं जाऊन उभा राहिला. ती चालली की चालायचा, थांबली की थांबायचा, ती डावीकडे वळली तेव्हा साहेबही वळला. तीन कुळांचा तो सोळा हाती वंशज, त्या खुराड्यामागून मान खाली घालून. तिसऱ्या दिवशी आप्पा त्याच्यावर लगाम सोडून, तंबाखू मळत बसले होते. चौथ्या दिवशी त्यांची हडपसरची नात बसली. तट्टाणी पुढे, साहेब मागे, शटल धडधडत गेली, घंटा वाजली. ती ढिम्म, म्हणून हाही ढिम्म.

आप्पांनी मेंढरं आणखी आठ रात्री बसवून घेतली. खत इतकं झालं की शेजारी नाक धरून जायचे. शेवटी त्यांनी तट्टाणी विकत मागितली. धनगर हसला. “घर कुनी इकतं का, आप्पा?” मग साहेबाकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यानं आपुलकीनं विचारलं, “पर ह्येचा तुमाला उपेग काय?”

हा प्रश्न आजवर आप्पा दुसऱ्यांना विचारत आले होते. ते बराच वेळ चुना शोधत राहिले.

वाडा उठला. साहेबानं दोन दिवस कडब्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा पिकअप घेऊन फलटणच्या बाजूला गेले आणि परतले तेव्हा मागे एक शिंगी होती. धनगराच्या पाहुण्याकडची, दीड वर्षाची, पाठीला अजून काही न लागलेली. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोरी वस्तू आणली होती, आणि ती आल्या आल्या दावं तोडून उसात शिरली.

“आप्पा, ही तर काहीच शिकलेली नाही,” मी म्हटलं. “हिला कोण शिकवणार?”

“त्यो हाय की,” आप्पा साहेबाकडे बोट करून म्हणाले. “शिकून तयार झालाय.”

तेवढ्यात फाटकाची घंटा वाजली. साहेबानं आणि शिंगीनं दोघांनीही कान टवकारले.